कवीचे जन्मघर दरवर्षी शाकारावे लागते

प्रति,
कवींची जन्मस्थाने आणि साहित्यिकांची स्मारके ज्यांच्या देखरेखीखाली आहेत असे राज्य शासनाचे अधिकारी, विश्वस्त मंडळांचे पदाधिकारी आणि त्या त्या गावच्या ग्रामपंचायतींचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथे केशवसुतांचे, म्हणजे कृष्णाजी केशव दामले यांचे, जन्मघर स्मारक म्हणून जपले आहे, हे आपणांस वेगळे सांगायला नको. कोकण मराठी साहित्य परिषदेने मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने हे काम हाती घेतले आणि १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. गणपतीपुळ्याला देवदर्शनासाठी आलेली माणसे काही मिनिटांची वाट वाकडी करून तेथे जातात, कविता कोरलेल्या शिळांपुढे थांबतात, घरात डोकावतात. एका शाळामास्तरच्या मुलाच्या घरासाठी मराठी माणसांनी एवढे करावे, ही आपल्याकडे नित्य घडणारी गोष्ट नव्हे. म्हणूनच मालगुंडचे उदाहरण समोर ठेवून, पण केवळ मालगुंडपुरते नव्हे, तर राज्यातल्या अशा सगळ्याच घरांविषयी चार गोष्टी आपल्यापुढे मांडाव्यात, असे मनात आले.

अलीकडे कवींच्या गावांकडे शासनाचे लक्ष गेले आहे. भिलार २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव झाले. मंगेश पाडगावकरांच्या वेंगुर्ल्याजवळचे उभादांडा २०२५ मध्ये कवितेचे गाव झाले. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून स्मारकांच्या घोषणाही वाढल्या आहेत. या उत्साहाला माझा विरोध असण्याचे कारण नाही. भूमिपूजनाच्या दिवशी जेवढी माणसे जमतात त्यांच्या दशांश माणसे पाचव्या वर्षीच्या पावसाळ्यात तिकडे फिरकतील का, एवढीच शंका मला सतावते.

कोकणातले जुने कौलारू घर ज्याने सांभाळले आहे, त्याला शाकारणी म्हणजे काय ते ठाऊक असते. चैत्र-वैशाखात माणूस छपरावर चढतो, कौले उतरवतो, फुटकी बाजूला काढतो, वाळवी लागलेल्या रिपा बदलतो, एखादा वासा कुजला असेल तर तोही काढतो, आणि मृगापूर्वी सगळे पुन्हा जागच्या जागी बसवतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो. एक वर्ष शाकारणी चुकली तर ओल भिंतीत उतरते; दोन वर्षे चुकली तर आढ्यापर्यंत वाळवी पोचते; त्यापुढे घर सांभाळण्याचा प्रश्न उरत नाही, पुन्हा बांधण्याचा उरतो. आणि पुन्हा बांधलेले घर कितीही हुबेहूब असले तरी ते जन्मघर नसते, जन्मघराची प्रतिकृती असते.

आपल्या निधीची रीत मात्र शाकारणीच्या अगदी उलट आहे. वास्तू उभी करायला पैसा मिळतो, ती उभी ठेवायला मिळत नाही. खासदारांच्या स्थानिक विकास निधीचेच पाहा: त्यातून टिकाऊ मालमत्ता उभारता येते, आवर्ती खर्च भागवता येत नाही. म्हणजे सभागृह बांधता येते, पण त्या सभागृहाला कुलूप लावून संध्याकाळी घरी जाणाऱ्या माणसाचा पगार देता येत नाही. हा नियम करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल; परंतु स्मारकांच्या बाबतीत त्याचा परिणाम असा होतो की, जुने घर गळत असताना त्याच्या शेजारी नवी इमारत उठते. छपराला लागणाऱ्या चार वाशांसाठी ज्या फाइलवर सही होत नाही, तिच्यावर प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी सहज होते.

मी स्वतः पाहिलेल्या एका स्मारकाची हकिकत सांगतो. गाव, जिल्हा, कवी, काहीच सांगत नाही, कारण एकाच गावाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. दुपारी पोचलो तेव्हा दाराला कुलूप होते. किल्ली गावात कोणाकडे तरी असते, असे समजले. ते कोणी शेतावर गेले होते. तासाभराने दार उघडले. आत जमिनीवर चकचकीत फरशी, भिंतींना तैलरंग, छताला पांढरे आच्छादन आणि मध्यभागी काचेच्या पेटीत कवीचा चष्मा. भिंतीवरच्या फलकावर कवितेची एक ओळ होती आणि तीत शुद्धलेखनाच्या दोन चुका. चष्मा कवीचाच का, असे मी विचारले तेव्हा किल्ली आणणारा गृहस्थ प्रामाणिकपणे म्हणाला, “तसं लिहिलंय खरं.” त्याचा मला राग आला नाही. त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते. त्याच्याकडे फक्त किल्ली दिली होती.

तैलरंग आणि फरशी यांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण हौसेने केलेली हानी ही दुर्लक्षाने झालेल्या हानीपेक्षा लवकर होते. जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा त्याला तसे करू देतो. त्याच भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवून वर रंगाचा जाड थर दिला की आतली ओल आतच कोंडते, पोपडे सुटतात, आणि मग ‘जुनी भिंत टिकत नाही’ असे म्हणून ती पाडण्याचा ठराव होतो. जमीन शेणाने सारवायची तर दर आठ-पंधरा दिवसांनी हात लागतो, म्हणून फरशी घातली जाते. मला यातली अडचण कळते. पण ज्या घरात कोणाचा हात लागतच नाही ते घर लवकर मरते, हे कोकणातल्या कोणत्याही बंद घराकडे पाहून समजेल. सारवणारी बाई, शाकारणारा गडी आणि चुना मळणारा गवंडी ही माणसे जन्मघराच्या आस्थापनेत असायला हवीत. त्यांचे काम ठेकेदाराच्या अंदाजपत्रकातल्या एका ओळीत बसणारे नाही.

घर नीट राहिले असे धरले, तरी त्यात दाखवायचे काय, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो, आणि केशवसुतांच्या बाबतीत तर तो फारच नाजूक आहे. हा कवी वस्तू मागे ठेवून गेलेला नव्हे. वडील शिक्षक, स्वतः शिक्षक, शिक्षणासाठी आप्तांच्या आधाराने गावोगाव फिरणे, मॅट्रिक होता होता वयाची तेविशी, मग मुंबईत तुटपुंज्या पगाराच्या नोकऱ्या, प्लेगमुळे मुंबई सुटली तेव्हा खानदेशात भडगाव आणि फैजपूर, शेवटी धारवाड. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीला प्लेगनेच त्यांचा अंत झाला तेव्हा ते चाळिशीलाही पोचले नव्हते. जन्मभर बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडलेल्या माणसाच्या दौती, पगड्या आणि आरामखुर्च्या कोठून आणणार? आणि आणू नयेत. त्या काळच्या म्हणून मिळवलेल्या वस्तू कवीच्या म्हणून मांडण्याचा मोह अनेक स्मारकांना होतो. ‘अशा प्रकारची वस्तू त्या काळी वापरात होती’ एवढे एक वाक्य लिहायला लाज कसली?

प्रामाणिकपणाचेच आणखी एक उदाहरण. केशवसुतांची जन्मतारीख काही ग्रंथांत १५ मार्च १८६६ अशी, तर काहींत ७ ऑक्टोबर १८६६ अशी छापलेली आढळते. आपल्याकडे अशा वेळी एक तारीख निवडून ती संगमरवरावर कोरण्याची घाई असते. जन्मघराच्या फलकावर दोन्ही तारखा लिहाव्यात आणि मतभेद आहे असे सांगावे. शाळेतला एखादा हुशार मुलगा तेथे थांबेल आणि विचारेल की, माणसाला दोन जन्मतारखा कशा? तो प्रश्न पडणे हे त्या सहलीचे सार्थक मानायला हरकत नाही.

वस्तू नाहीत, पण कविता आहेत, आणि त्यांतल्या काही तर या घरासाठीच लिहिल्यासारख्या आहेत. ‘गोष्टी घराकडील’ ही कविता घ्या. मित्राशी घरच्या गोष्टी बोलता बोलता कवीला वाटू लागते की आपण घरीच आहोत आणि भोवतालच्या, इथल्या, वस्तूच तेवढ्या भास आहेत. ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’ या कवितेत तो दूरदेशी बसून जन्मभूमीकडून येणाऱ्या वाऱ्याशी बोलतो. या कविता घर सोडलेल्या माणसाच्या आहेत. घरात बसून त्या सुचल्या नसत्या. तेव्हा मालगुंडला जे जपायचे आहे ते केवळ एका मुलाचा जन्म जेथे झाला ती जागा नव्हे, तर त्या जागेपासूनचे अंतरही आहे. कोकणातल्या घराघरांतून माणूस मुंबईला गेला आणि मनिऑर्डर घरी आली. या जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला ते अंतर समजावून सांगावे लागणार नाही. एका भिंतीवर मालगुंडपासून हुबळीपर्यंतचा साधा नकाशा असावा, प्रत्येक गावापाशी तेथे असताना लिहिलेल्या कवितांची नावे असावीत आणि पडवीत नैर्ऋत्येकडे तोंड करून एक बाक असावा. एवढ्याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

दुसरी गोष्ट ओटीची. जुन्या घराची रचना ही नुसती वास्तुरचना नसते. कोणी कोठवर यायचे याचा तो लेखी नसलेला कायदा असतो. अंगणात कोण थांबणार, पडवीवर कोण बसणार, ओटीवर कोणाला पान मिळणार, माजघराच्या उंबऱ्याआत कोण पाऊल टाकणार, हे त्या काळी न सांगता सगळ्यांना माहीत असे. अशाच समाजात वाढलेल्या या तरुणाने १८८८ मध्ये ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ लिहिली आणि १८८९ मध्ये ‘मजुरावर उपासमारीची पाळी’ लिहिली. पहिल्या कवितेत सावली पडेल म्हणून हटकले गेलेले पोर घरी येऊन आईला प्रश्न विचारते. ही कविता दालनातल्या पन्नास फलकांमधला एक फलक म्हणून लावली तर ती वाचली जाईल आणि विसरली जाईल. तीच कविता अंगणातून ओटीकडे चढणाऱ्या पायरीपाशी, पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. वाचणारा आपला पाय कोठे आहे ते पाहील. आज त्या पायरीवरून कोणीही चढू शकतो, हे त्याला तेथे उभे राहूनच उमजेल, आणि गावागावांतल्या आणखी काही पायऱ्या त्याला आठवतील. स्मारकातला एवढा भाग जरी कोणाला टोचला, तरी तो काढू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे. काही मंडळींना जन्मघरात फक्त ‘आम्ही कोण?’मधला कवीचा अभिमान हवा असतो, त्याचा प्रश्न नको असतो.

आणखी एक उंबरा आहे, तो बाळंतिणीच्या खोलीचा. जन्मघर म्हणायचे आणि जन्म देणारीचा उल्लेख फलकाच्या तळाशी बारीक अक्षरांत करायचा, ही रीत मी अनेक ठिकाणी पाहिली. ‘केशवसुत’ या नावात वडील आधीच आहेत. आईला जागा द्यायची तर ती त्या खोलीतच देता येईल: तिचे नाव, तिचे माहेर, तिची किती मुले जगली, त्या काळी कोकणातल्या खेड्यात बाळंतपण कसे होई, सुईण कोण असे, कोणती पथ्ये असत. जे माहीत असेल ते लिहावे, नसेल ते गावातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून त्यांच्या आज्यांच्या आठवणी विचारून त्या काळाचे चित्र उभे करावे. याच दामले कुटुंबातले धाकटे भाऊ मोरो केशव दामले यांनी पुढे १९११ मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. एका आईच्या एका मुलाने मराठी कवितेचे नियम मोडले आणि दुसऱ्याने मराठी भाषेचे नियम शोधून लिहून ठेवले, ही गोष्ट सांगायला त्या घराहून चांगली जागा कोठली?

नियम मोडण्यावरून आठवले. जुने मरणाला जाऊ द्या असे ‘तुतारी’त बजावणाऱ्या आणि ‘मूर्तिभंजन’ लिहिणाऱ्या कवीचे जुने घर आपण एवढ्या काळजीने जपतो आणि आवारात त्याची पूजा बांधतो, याची गंमत त्याला वाटली असती की संताप आला असता, कोण जाणे. मात्र एवढे खरे की, फुले वाहिलेल्या प्रतिमेपेक्षा कोणीतरी मोठ्याने वाचलेली कविता त्याला अधिक मानवली असती.

त्या वाचण्यासाठी माणूस हवा. आपल्या स्मारकांत शिपाई असतो, पहारेकरी असतो, क्वचित ग्रंथपाल असतो. कविता सांगणारा नसतो. गावातलीच एखादी मुलगी किंवा मुलगा, बारावी झालेला, वर्षभर केशवसुत नीट शिकवला, त्यांच्या कवितेतले ‘झपूर्झा’ म्हणजे काय असे विचारल्यावर न गांगरता बोलेल असा तयार केला, त्याला महिन्याला सन्मानाने जगता येईल असे मानधन दिले, तर गणपतीपुळ्याला येणाऱ्या सहलींच्या बसमधली निदान निम्मी मुले घरी जाताना एखादी ओळ बरोबर नेतील. शिक्षकांनाही माझे सांगणे आहे की, मुलांना ‘आवाज करू नका’ एवढेच बजावून त्या घरातून फिरवू नका. तुतारी लिहिणाऱ्याच्या घरात शांतता राखा, हा फलक मला तरी विनोदी वाटतो.

कवितेच्या पाठाविषयी, म्हणजे तिच्या नेमक्या शब्दांविषयी, हा विषय थोड्यांच्या आवडीचा असला तरी, दोन शब्द लिहायलाच हवेत. केशवसुतांच्या हयातीत त्यांचा संग्रह निघाला नाही. कविता जळगावच्या ‘काव्यरत्नावली’त, हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’मध्ये, अशा नियतकालिकांत विखुरलेल्या होत्या, हरिभाऊंनीच त्या कवीच्या मृत्यूनंतर दहाहून अधिक वर्षांनी एकत्र आणल्या. त्यामुळे कोणती कविता प्रथम कोठे छापली गेली, पुढे तिच्यात कोणता शब्द बदलला, शिळेवर कोरलेला पाठ कोणत्या आवृत्तीतला आहे, हे सगळे एका ठिकाणी पाहायला मिळावे. मूळ कागद दमट हवेच्या किनाऱ्यावर ठेवूच नयेत. ते तापमान आणि आर्द्रता राखणाऱ्या ग्रंथागारात असावेत आणि जन्मघरात त्यांच्या उत्तम प्रतिमा असाव्यात. हीच गोष्ट पदकांची आणि मौल्यवान चिजांची. रवींद्रनाथांचे नोबेल पदक २००४ मध्ये शांतिनिकेतनातल्या संग्रहालयातून चोरीला गेले. कन्नड कवी कुवेंपू यांच्या कर्नाटकातल्या कुप्पळी गावच्या घरातून २०१५ मध्ये पद्म पुरस्कारांची पदके गेली. दोन्ही ठिकाणी माणसांची श्रद्धा कमी नव्हती.

तरी कुप्पळीकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, हेही सांगितले पाहिजे. कुवेंपूंचा जन्म तेथला नव्हे, तो आजोळी हिरेकोडिगेला झाला. पण ज्या घरात ते वाढले ते मलेनाडूतले, म्हणजे तिकडच्या डोंगराळ पट्ट्यातले, मोठे घर, आणि त्यामागची, जेथे बसून ते लिहीत ती टेकडी, दोन्ही मिळून कर्नाटकाने एक स्मारक मानले. घर आणि डोंगर वेगळे केले नाहीत. आपल्याकडे घर जपताना भोवतालचे गाव हातचे सुटते. जन्मघरासमोरच्या आगराची जागा वाहनतळाला जाते, पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, सिमेंटची होते, विहिरीवर स्लॅब पडतो. मालगुंड आज पर्यटनाच्या वाटेवरचे गाव आहे आणि गावकऱ्यांनी हॉटेले बांधू नयेत असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. परंतु समुद्र, नारळी-पोफळीची आगरे आणि जांभ्याची पाखाडी हेही त्या कवितेचे मूळ कागद आहेत, एवढे ध्यानात ठेवून ग्रामपंचायतीने घराच्या आसपासचा निदान थोडा परिसर बांधकामापासून राखावा. त्यासाठी ज्यांच्या जमिनी अडतील त्यांना मोबदला द्यावा लागेल, आणि तो शासनाने द्यावा. कवी सगळ्या महाराष्ट्राचा आणि तोटा एका शेजाऱ्याचा, हे न्यायाचे नाही.

माझे मागणे मोजकेच आहे. पुढील अर्थसंकल्पात कवींच्या आणि साहित्यिकांच्या जपलेल्या घरांसाठी देखभालीचे स्वतंत्र, दरवर्षीचे लेखाशीर्ष उघडावे. ते नव्या बांधकामाकडे वळवता येणार नाही अशी अट घालावी. रक्कम फाल्गुनात हाती पडावी, कारण आषाढात मंजूर झालेल्या शाकारणीचा काही उपयोग नसतो. प्रत्येक घरापाठीमागे कविता सांगणारे एक माणूस पगारावर नेमावे. जुन्या भिंतीला हात लावण्यापूर्वी चुन्या-मातीचे काम जाणणाऱ्या वास्तुरचनाकाराचा लेखी सल्ला बंधनकारक असावा. विश्वस्त मंडळांनी वर्षातून एकदा घराची छायाचित्रे, छपरापासून जोत्यापर्यंतची, लोकांसाठी प्रसिद्ध करावीत, हारतुऱ्यांची नकोत.

मी येत्या ज्येष्ठात, पहिले चार पाऊस पडून गेल्यावर, यांतली दोन-तीन घरे पाहायला जाणार आहे. घराला कुलूप असले तर बाहेर थांबेन आणि पागोळ्या कोठून गळतात ते लिहून घेऊन आपणांस कळवीन.

आपला नम्र,
एक निवृत्त मराठी शिक्षक